कर्नलच्या बांधणीतील अपयश आणि त्याच्या निदानाची परंपरा : युनिक्स ते लिनक्स – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा यशाच्या अंगाने झालेले आढळते. अमुक साली अमुक यंत्र तयार झाले, अमुक आवृत्ती प्रसिद्ध झाली, अमुक व्यक्तीने शोध लावला, अशा नोंदींची मालिका म्हणजे संगणकाचा इतिहास, असा समज त्यामुळे रूढ झाला आहे. वस्तुतः कोणत्याही तंत्रविद्येची जडणघडण तिच्यातील यशाइतकीच तिच्यातील अपयशामुळेही होत असते. काम बिघडल्यावर ते का बिघडले हे शोधण्याची रीत, त्या रीतीची नोंद आणि ती पुढच्या पिढीकडे सोपविण्याची व्यवस्था या तीन गोष्टींतून त्या विद्येची परंपरा निर्माण होते.

युनिक्स आणि तिच्या धर्तीवर उभ्या राहिलेल्या कार्यप्रणालींच्या इतिहासात याचे एक ठळक उदाहरण मिळते. या प्रणालींचा गाभा म्हणजे कर्नल. तो वापरकर्त्याने स्वतःच्या यंत्रास अनुरूप असा पुन्हा बांधून घ्यावा, अशी प्रथा या परंपरेत सुरुवातीपासून होती. ही बांधणी पुष्कळदा फसत असे. ती फसल्यावर काय करावे, याविषयी सुमारे चार दशकांत जी साधने आणि जे संकेत तयार झाले, त्यांचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) कर्नलच्या स्वतंत्र बांधणीची प्रथा कशी निर्माण झाली, याचा शोध घेणे.
२) बांधणी फसण्याची प्रमुख कारणे व त्यांच्या निदानाची रीत समजून घेणे.
३) या अपयशांतून कोणती साधने व संकेत उदयास आले, हे पाहणे.
४) या बदलांत सामान्य वापरकर्त्याचे स्थान कसे पालटत गेले, याची चिकित्सा करणे.

अभ्यास पद्धती :

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे. १९६९ ते २००९ हा कालखंड प्रामुख्याने विचारात घेतला असून आवश्यक तेथे त्यानंतरच्या घडामोडींचाही उल्लेख केला आहे.

विषय विवेचन :

१. कर्नल आणि त्याची बांधणी

संगणकातील प्रक्रियक, स्मृती, चकती, कळफलक व जाळे यांचे व्यवस्थापन करणारा कार्यप्रणालीचा सर्वांत आतला भाग म्हणजे कर्नल होय. वापरकर्त्याच्या सर्व आज्ञावली त्याच्याच आधाराने चालतात. कर्नल हा मुळात मानवास वाचता येईल अशा सोर्स कोडच्या स्वरूपात लिहिलेला असतो. कंपायलर त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करतो, लिंकर सुटे भाग एकत्र जोडतो आणि तयार झालेली फाइल बूट लोडर ही छोटी आज्ञावली संगणक सुरू होताना स्मृतीत आणते. या संपूर्ण क्रियेस 'बांधणी' असे म्हणता येईल.

वापरकर्त्याने ही बांधणी स्वतः करण्याची कारणे व्यावहारिक होती. त्या काळी स्मृती महाग व अपुरी असे. आपल्या यंत्रात नसलेल्या उपकरणांचा कोड कर्नलमध्ये बाळगणे म्हणजे स्मृतीचा अपव्यय करणे होय. तसेच एखादे नवे उपकरण जोडावयाचे असल्यास त्याचा ड्रायव्हर समाविष्ट करून कर्नल नव्याने बांधण्यावाचून गत्यंतर नव्हते.

२. बेल लॅब्ज : आरंभीचे अपयश

युनिक्सचा आरंभ १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्ज या संस्थेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या प्रयत्नांतून झाला. प्रारंभी ही प्रणाली विशिष्ट यंत्राच्या असेंब्ली भाषेत लिहिलेली होती. १९७२ मध्ये थॉम्प्सन यांनी ती सी भाषेच्या प्राथमिक रूपात पुन्हा लिहिण्याचा प्रयत्न केला; परंतु तो सोडून द्यावा लागला. त्या वेळी सी भाषेत 'स्ट्रक्चर' ही सोय नव्हती. परस्परसंबद्ध माहिती एका नावाखाली एकत्र बांधण्याची ही सोय भाषेत आल्यानंतर १९७३ च्या उन्हाळ्यात कर्नलचे पुनर्लेखन सिद्धीस गेले. कर्नलच्या या अपयशाने भाषेतील उणीव दाखवून दिली, ही बाब लक्षणीय आहे.

दुसरे उदाहरण 'मेक' या आज्ञावलीचे आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ती १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिली. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनी एका आज्ञावलीतील दोष शोधण्यात संपूर्ण सकाळ घालविली होती. दोष प्रत्यक्षात दुरुस्त झालेला होता; मात्र दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल झालेली नसल्याने जुनाच कोड चालत होता. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे याची नोंद ठेवून, बदललेला भाग तेवढाच पुन्हा बांधणारे साधन फेल्डमन यांनी तयार केले. पुढे युनिक्स परंपरेतील कर्नल मेकच्याच आधारे बांधले जाऊ लागले. मात्र अवलंबनाची नोंद शिळी वा अपुरी असेल तर मेकही फसते. बर्कली परंपरेत आणि लिनक्सच्या २.४ पर्यंतच्या आवृत्त्यांत अवलंबनाची नोंद तयार करण्याची स्वतंत्र पायरी होती. ती वगळल्याने अनेकांची बांधणी फसत असे.

याच काळात ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे अध्यापक जॉन लायन्स यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा सुमारे नऊ हजार ओळींचा कर्नल भाष्यासह विद्यार्थ्यांना शिकविण्यास प्रारंभ केला. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने कोडच्या वर्गातील वापरास मनाई केली. त्यानंतरही लायन्स यांचे भाष्य छायाप्रतींच्या रूपाने हस्तांतरित होत राहिले व १९९६ मध्ये ते रीतसर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. कर्नल दुरुस्त करावयाचा तर तो वाचता आला पाहिजे आणि वाचावयाचा तर तो हाती असला पाहिजे, हा प्रश्न येथे प्रथमच ठळकपणे पुढे आला.

३. बर्कली परंपरा : जुन्याचे जतन

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रात विकसित झालेल्या बीएसडी या शाखेने कर्नलच्या बांधणीस शिस्त लावली. १९८३ च्या ४.२ बीएसडी आवृत्तीसोबत 'कॉन्फिग' या साधनाविषयीची मार्गदर्शिका उपलब्ध होती. वापरकर्त्याने एका साध्या फाइलीत आपल्या यंत्राचे वर्णन लिहावयाचे, कॉन्फिगने त्यावरून बांधणीची सामग्री तयार करावयाची आणि मेकने प्रत्यक्ष बांधणी करावयाची, अशी ही योजना होती. सर्वसाधारण यंत्रांवर चालेल असे 'जेनेरिक' या नावाचे वर्णन सोबत दिले जाई.

१९९३ मध्ये उदयास आलेल्या फ्रीबीएसडी प्रणालीने ही पद्धत पुढे चालविली. जेनेरिक वर्णनाची प्रत काढून तिला नवे नाव द्यावे व प्रतीतच बदल करावेत, मूळ वर्णनास हात लावू नये, असा संकेत रूढ झाला. नवा कर्नल स्थापित करताना आधीचा कर्नल 'कर्नल.ओल्ड' या नावाने आपोआप जतन केला जाऊ लागला. नवा कर्नल सुरू न झाल्यास बूट लोडरला जुन्याचे नाव सांगून यंत्र पूर्ववत चालू करता येई.

या सोयीतही एक मर्यादा होती. नवा कर्नल सदोष आहे हे लक्षात न घेता बांधणी दुसऱ्यांदा केल्यास तो सदोष कर्नलच 'ओल्ड' म्हणून जतन होई आणि मूळचा चालणारा कर्नल पुसला जाई. म्हणूनच खात्रीचा कर्नल निराळ्या नावाने स्वतंत्र ठेवावा, असा सल्ला जाणकार देत असत.

४. लिनक्स : बांधणीचा प्रसार

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्सची ०.०१ ही पहिली आवृत्ती उपलब्ध केली. सुमारे दहा हजार ओळींचा हा कर्नल बांधण्यासाठी मिनिक्स ही दुसरी प्रणाली आवश्यक होती. यंत्राचे वर्णन सोर्स कोडमधील एका फाइलीतच होते आणि तीत टोरवाल्ड्स व त्याच्या एका मित्राच्या चकतीची मापे प्रत्यक्ष त्यांच्या नावांनी नोंदलेली होती. कळफलकाची मांडणी फिनिश होती. अर्थात, अन्य कोणासही हा कर्नल चालवावयाचा असल्यास तो बदलून पुन्हा बांधणे अपरिहार्यच होते.

मार्च १९९४ मध्ये १.० ही आवृत्ती आली, तेव्हा ओळींची संख्या १,७६,२५० इतकी होती. घरगुती संगणकांवर लिनक्सचा प्रसार झाला आणि विद्यापीठीय प्रयोगशाळेपुरती मर्यादित असलेली बांधणी सामान्य वापरकर्त्यांच्या हाती आली. तिच्यासोबत अपयशेही आली. यंत्र सुरू होताना स्मृतीच्या पहिल्या ६४० किलोबाइट भागातच कर्नल उतरविला जात असल्याने त्याच्या संकुचित फाइलीस आकाराची मर्यादा होती. ती ओलांडल्यास बांधणीच्या अखेरीस 'प्रणाली फार मोठी आहे' असा संदेश येई. वाढीव स्मृतीत उतरणारी नवी फाइल-रचना स्वीकारणे किंवा काही ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून वेगळे काढणे, हे त्यावरील उपाय होते.

१९९२ मध्ये वर्नर आल्मेस्बर्गर यांनी लिहिलेला 'लिलो' हा बूट लोडर कर्नल चकतीवर नेमका कोठे आहे याची नोंद आधीच करून ठेवीत असे. नवा कर्नल जुन्याच्या जागी ठेवून लिलो पुन्हा चालविण्यास वापरकर्ता विसरला, तर ती नोंद निरर्थक ठरे व संगणक सुरू होत नसे. लिलो आपल्या नावातील चार अक्षरे टप्प्याटप्प्याने पडद्यावर छापीत असे. दोनच अक्षरे उमटून यंत्र थांबले तर दुसरा टप्पा स्मृतीत आला पण चालू झाला नाही, असे अनुमान निघे. अपयश कोठे झाले हे त्या अपयशानेच सांगावे, अशी ही रचना होती.

५. अपयशाचे टप्पे आणि निदानाची रीत

अनुभवांती असे दिसून आले की, कर्नलच्या बांधणीतील अपयशाचे निदान ते कोणत्या टप्प्यावर झाले यावरून सुरू करावे लागते. हे टप्पे सामान्यतः चार आहेत.

पहिला टप्पा वर्णनाचा. येथे दोष बहुधा शुद्धलेखनाचा किंवा अज्ञात नावाचा असतो व साधन त्या ओळीचा क्रमांकच सांगते.

दुसरा टप्पा कंपाइल व जोडणीचा. एखादा भाग अनावश्यक समजून वगळला जातो. परंतु दुसरा भाग त्यावर अवलंबून असतो. फ्रीबीएसडीमध्ये यूएसबी चकतीच्या ड्रायव्हरला स्कझी या वरकरणी असंबद्ध उपकरण-वर्गाचा आधार लागत असे. 'आपल्या यंत्रात स्कझी नाही' म्हणून तो आधार काढून टाकल्यास जोडणीच्या वेळी अनेक नावे सापडत नसल्याची तक्रार येई. येथे महत्त्वाचा नियम असा की, त्रुटी-संदेशांच्या मालिकेतील शेवटचा नव्हे तर पहिला संदेश वाचावा. शेवटच्या ओळीत मेकने काम थांबविल्याची केवळ वार्ता असते. कारण पुष्कळ वर दडलेले असते.

तिसरा टप्पा आरंभाचा. कर्नल बांधला जातो, पण यंत्र सुरू होताना मूळ फाइल-व्यवस्था जोडता येत नाही असा संदेश देऊन तो थांबतो. चकतीच्या नियंत्रकाचा किंवा फाइल-व्यवस्थेचा ड्रायव्हर कर्नलमध्ये न घेता मॉड्यूल म्हणून चकतीवर ठेवला आणि प्रारंभिक स्मृती-चकतीची सोय केली नाही, तर ही स्थिती ओढवते. किल्ली कुलूपबंद पेटीतच राहावी, तसा हा प्रकार होय.

चौथा टप्पा विसंगतीचा. कर्नल सुरू होतो, परंतु चालू प्रक्रियांची यादी देणारी 'पीएस' यांसारखी आज्ञा चालत नाही. कर्नल नव्या आवृत्तीचा व सोबतच्या आज्ञावली जुन्या आवृत्तीच्या असल्याचे ते लक्षण असते. दोहोंची बांधणी एकाच सोर्स कोडमधून करणे हा त्यावरील उपाय होय.

इतिहासाच्या अभ्यासकास ही रीत अपरिचित वाटणार नाही. संदेश हे येथे प्राथमिक साधन आहे. ते कोणी दिले, कोणत्या क्षणी दिले आणि त्यास प्रत्यक्ष काय ठाऊक होते, याची शहानिशा केल्याशिवाय त्यावरून कार्यकारणभाव ठरविता येत नाही.

६. साधनाचाच दोष

काही वेळा कर्नल निर्दोष असूनही बांधणी फसत असे. १९९० च्या दशकात कंपायलर मध्येच 'सिग्नल ११' असा संदेश देऊन बंद पडल्याचा अनुभव अनेकांना आला. कर्नलच्या बांधणीत स्मृतीचा वापर दीर्घकाळ व सातत्याने होतो. त्यामुळे एरवी लक्षात न येणारा स्मृतीचा किंवा अतिवेगाने चालविलेल्या प्रक्रियकाचा दोष तेथे उघडा पडे. निदानाची कसोटी सोपी होती. बांधणी पुन्हा करावी. दर वेळी निराळ्या ठिकाणी थांबत असेल तर दोष यंत्राचा, नेमक्या त्याच ठिकाणी थांबत असेल तर दोष कोडचा किंवा कंपायलरचा समजावा.

कंपायलरविषयीचा वाद २००० मध्ये उद्भवला. रेड हॅट कंपनीने आपल्या ७.० आवृत्तीत जीसीसी कंपायलरची २.९६ ही आवृत्ती दिली. ही आपली अधिकृत आवृत्ती नव्हे, असे जीसीसीच्या सुकाणू समितीने त्याच वर्षी जाहीर केले. कर्नल बांधण्यासाठी रेड हॅटला जुना कंपायलर स्वतंत्र नावाने सोबत द्यावा लागला. कर्नलच्या सोर्स कोडसोबत आवश्यक साधनांच्या किमान आवृत्त्यांची यादी का दिली जाते, हे अशा प्रसंगांवरून स्पष्ट होते.

७. वर्णनाच्या भाषेचा वाद

लिनक्समधील पर्यायांची संख्या वाढत गेली तशी जुनी वर्णन-भाषा अपुरी पडू लागली. प्रश्नोत्तरी, यादी व खिडकी अशा तीन पद्धतींनी पर्याय निवडता येत. परंतु प्रत्येक पद्धत ती भाषा स्वतंत्रपणे वाचीत असल्याने अर्थात तफावत पडत असे. परस्परविरोधी पर्यायही निवडले जात. २००० मध्ये एरिक रेमंड यांनी 'सीएमएल-२' ही नवी भाषा पुढे आणली. ती पायथन भाषेवर अवलंबून होती आणि संपूर्ण व्यवस्था एकाच वेळी बदलणारी होती. या दोन्ही मुद्द्यांवर तीव्र मतभेद झाले व ती स्वीकारली गेली नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये रोमन झिप्पेल यांची तुलनेने साधी 'केकॉन्फिग' ही व्यवस्था २.५.४५ या विकासाधीन आवृत्तीत समाविष्ट झाली. एक पर्याय दुसऱ्यावर अवलंबून आहे हे तीत स्पष्टपणे नोंदता येते. परिणामी वापरकर्त्याच्या हातून होणाऱ्या चुकांचा मोठा भाग निवडीच्या वेळीच टळू लागला.

८. सदोष आवृत्त्या आणि द्विभाजन

अधिकृत आवृत्त्याही दोषमुक्त नव्हत्या. ऑक्टोबर २००१ मधील २.४.११ ही आवृत्ती सदोष निघाल्याने तिच्या नावापुढे 'वापरू नये' असा शेरा जोडण्यात आला. पुढच्याच महिन्यातील २.४.१५ या आवृत्तीमुळे फाइल-व्यवस्था बिघडू शकत असल्याचे आढळून आले व काही दिवसांतच २.४.१६ प्रसिद्ध करावी लागली. ऑगस्ट २००४ मध्ये २.६.८ मधील जाळ्यावरील फाइल-व्यवस्थेच्या दोषामुळे २.६.८.१ असा चार अंकी क्रमांक प्रथमच द्यावा लागला. मार्च २००५ पासून अशा स्थिर दुरुस्ती-आवृत्त्यांची नियमित प्रथा सुरू झाली.

एप्रिल २००५ मध्ये टोरवाल्ड्स यांनी 'गिट' ही बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली निर्माण केली. तीत त्याच वर्षी 'बायसेक्ट' म्हणजे द्विभाजनाची सोय आली. चालणारी जुनी आवृत्ती व न चालणारी नवी आवृत्ती यांच्या मधला बदल घेऊन कर्नल बांधावा, तो चालतो की नाही हे पाहावे आणि उरलेल्या अर्ध्या भागात पुन्हा तसेच करावे, अशी ही रीत आहे. एक हजार बदलांतून दोषी बदल सुमारे दहा बांधण्यांत सापडतो. कर्नलच्या अंतर्रचनेचे ज्ञान नसलेला वापरकर्ताही अशा रीतीने नेमका पुरावा विकासकांपुढे ठेवू शकतो, हे या साधनाचे सर्वांत मोठे सामाजिक मोल होय.

९. वापरकर्त्याचे पालटलेले स्थान

मॉड्यूलच्या सोयीमुळे वितरकांनी बांधलेला एकच कर्नल बहुसंख्य यंत्रांवर चालू लागला. स्मृतीही स्वस्त झाली. स्वतः कर्नल बांधण्याची निकड त्यामुळे ओसरली. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'लिनक्स-नेक्स्ट' या उपक्रमात आगामी बदल एकत्र करून त्यांची बांधणी नियमितपणे तपासली जाऊ लागली. डिसेंबर २००९ च्या २.६.३२ आवृत्तीत स्टीव्हन रोस्टेड यांची एक सोय आली. यंत्रात त्या क्षणी चालू असलेल्या मॉड्यूलांवरून ती वर्णन आपोआप आटोपशीर करते. मात्र त्या वेळी न जोडलेल्या उपकरणाचा ड्रायव्हर तीत सुटून जातो, ही तिची मर्यादा होय. २०२० पर्यंत लिनक्सच्या सोर्स कोडने पावणेतीन कोटी ओळींचा टप्पा ओलांडला होता. लायन्स यांच्या विद्यार्थ्यांनी एका सत्रात वाचलेल्या नऊ हजार ओळींशी याची तुलना केल्यास अंतराची कल्पना येते.

या बदलाचे मूल्यमापन एकांगी करता येत नाही. अपयश कमी झाले, हा निर्विवाद लाभ आहे. परंतु बांधणी फसल्यावर ती स्वतः सोडविताना वापरकर्त्यास यंत्राची जी ओळख होत असे, तिची संधीही त्याबरोबर आटली. कोड खुला राहिला. तो हाताळण्याचा सराव मात्र थोड्यांपुरता उरला. अधिकार कायम असूनही तो वापरण्याचे सामर्थ्य क्षीण व्हावे, ही स्थिती केवळ संगणकापुरती मर्यादित नाही.

निष्कर्ष :

१) कर्नलच्या स्वतंत्र बांधणीची प्रथा अपुऱ्या स्मृतीतून व यंत्रांच्या विविधतेतून निर्माण झाली, ती केवळ हौसेचा भाग नव्हती.
२) सी भाषेतील स्ट्रक्चर, मेक, केकॉन्फिग व स्थिर दुरुस्ती-आवृत्त्या यांच्यामागे कोणते ना कोणते प्रत्यक्ष अपयश वा उणीव कारणीभूत ठरल्याचे दिसते.
३) या परंपरेचे खरे यश अपयश टाळण्यात नसून ते वाचनीय व परतविण्याजोगे करण्यात आहे. जुना कर्नल जतन करणे, मूळ वर्णन अबाधित ठेवणे, एका वेळी एकच बदल करणे आणि पहिला संदेश प्रथम वाचणे हे तिचे मूलभूत संकेत होत.
४) स्वयंचलित साधनांमुळे बांधणी सुलभ झाली, परंतु निदानाचे ज्ञान सामान्य वापरकर्त्याकडून विशेषज्ञांकडे सरकले.
५) निदानाची ही रीत साधन-चिकित्सेच्या ऐतिहासिक पद्धतीशी जवळीक साधणारी असल्याने ती आंतरविद्याशाखीय अध्यापनाचा विषय होऊ शकते.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांकडून कर्नलची यशस्वी बांधणी करून घेणे आज कठीण राहिलेले नाही. परंतु जुना कर्नल सुरक्षित ठेवून एखादा आवश्यक पर्याय मुद्दाम वगळावा, फसलेल्या बांधणीचे संदेश विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत आणि कारणाचा शोध त्यांच्यावर सोपवावा, तर या परंपरेचे मर्म त्यांच्यापर्यंत अधिक निश्चितपणे पोहोचेल, असे या अभ्यासाच्या आधारे म्हणता येईल.